हाकेला वळणारी ठमी

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. माझी गोष्ट सांगायची तर आधी मला एक चूक कबूल केली पाहिजे. एका लहान मुलीची तीन-साडेतीन वर्षं माझ्यामुळे वाया गेली. मुद्दाम नाही हो केलं! पण वाया गेली हे खरं.

माझा जन्म कारखान्यातला. ओतीव लोखंडाचे पाय, खाली रुंद पायडल, वर गुळगुळीत लाकडी फळी. शिवणकाम शिकवणाऱ्या एका बाईंनी मला वीस वर्षं वापरलं आणि मग अडगळीत लोटून दिलं. तिथे माझ्या चाकावर लोक ओल्या छत्र्या वाळत घालायचे. कुणी तेलाचा थेंब दिला तर शपथ! शेवटी घरी बसून शिवणकाम करणाऱ्या एका तरुण बाईनं मला उचललं, घासूनपुसून लख्ख केलं आणि आपल्या घरी नेलं. तीच ठमीची आई.

घर म्हणजे दुकानाच्या वरच्या दोन खोल्या, लाकडी फळ्यांच्या जमिनीच्या. मी चालू लागले की सगळ्या फळ्या थरथरायच्या. खालचा दुकानदार ओरडायचा, "अहो वहिनी, छत अंगावर येईल की एक दिवस!"

वर्षभरात ठमी जन्मली. तिचे बाबा रंगारी. तिचा शांत चेहरा बघून त्यांनी पहिल्याच आठवड्यात तिला 'ठमाकाकू' करून टाकलं, आणि मग ती सगळ्यांची ठमी झाली. आई तिचं अंथरूण माझ्या पायाशीच घालायची. मी खडखडत असायचे आणि ही बया गाढ झोपलेली! तिची आत्या म्हणायची, "काय बाई गुणाचं लेकरू! आमच्याकडे नुसतं भांडं वाजलं तरी पोरं भोकाड पसरतात." आई माझ्यावर थाप मारून म्हणायची, "हिला या मशीनचीच अंगाई लागते."

हे ऐकलं की माझ्या लोखंडाच्या अंगावरही मूठभर मांस चढायचं. कौतुक कुणाला नको असतं?

आईकडे गिऱ्हाइकांच्या मापांची वही होती. त्यातली काही पानं तिनं ठमीसाठी राखून ठेवली होती. दर महिन्याला टेप लावून उंची, छाती, बाही लिहायची, आणि शेजारी बारीक अक्षरात आणखी काहीबाही. 'पालथी पडली.' 'बा-बा-बा करते.' 'मशीनला धरून उभी राहिली, दोन्ही तळवे फळीवर ठेवून हसली.' दुसरं वर्ष सरलं तसं शेजारचं लिहिणं कमी झालं. बाही वाढत होती, उंची वाढत होती. शब्द मात्र येत नव्हते. ते बा-बा-बा सुद्धा कुठे गेलं कोण जाणे. आई दोरा दातात धरून वहीकडे बघत बसायची, आणि मला तिची काळजी वाटायची.

आत्या म्हणायची, "हिचा बाप तरी कुठे लवकर बोलला?" बाबा म्हणायचे, "आणि आता तरी कुठे बोलतो? माझ्यावरच गेलीय." सगळे हसायचे. आई हसायची, पण उशिरा.

ठमी तीन वर्षांची झाली आणि बालवाडीत जाऊ लागली. एके दिवशी तिच्या बाई स्वतः जिना चढून वर आल्या.

"रागावू नका, पण मला वाटतं तिला हाक ऐकू जात नाही. एकदा कान तपासून घ्याल का?"

आईचा चेहरा उतरला आणि लगेच कडकही झाला. "ऐकू जात नाही? अहो, बघा तरी!"

ठमी खिडकीपाशी पाठ करून रिळं रचत होती. आईनं मला चालू केलं. थोडं शिवून पाय थांबवला आणि हाक मारली, "ठमे!" ठमीनं झटकन मान वळवली.

"दिसलं?" आई म्हणाली. बाई जिना उतरून गेल्या.

मित्रांनो, आईची ही रोजचीच सवय होती. हाक मारायची तर आधी मला थांबवायचं. मी थांबले की फळ्यांची थरथर थांबायची, आणि ती थांबली की ठमी वळायची. हाकेचा त्यात काहीच भाग नव्हता. हे आईला कळलं नाही. मीही आपल्या अंगाईच्या तोऱ्यात होते. असे आणखी सहा महिने गेले.

मग माझा पायडलचा दांडा मोडला. मिस्त्री म्हणाला, "जुना माल आहे ताई, आठवडा लागेल." घर एकदम शांत झालं. आई जमिनीवर बसून हातानं टीप घालत होती आणि ठमी पाठमोरी खेळत होती.

"ठमे!"

ठमी वळली नाही.

"ठमे, ए ठमे!"

नाहीच. आई अनवाणी, हळूच तिच्या मागे गेली आणि कानाजवळ टाळी वाजवली. ठमी रिळावर रीळ ठेवत राहिली. मग आईनं फळीवर टाच आपटली. ठमी लगेच वळली आणि हसली. आईनं तिला उचललं आणि तडक डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांकडून आल्यावर तिनं बाबांना सगळं सांगितलं, तेव्हा मी कोपऱ्यात मोडून पडले होते. "मी त्यांना विचारलं, मशीनच्या आवाजानं गेले का हो कान? ते म्हणाले, नाही, जन्मापासूनच असं आहे. पण अजून लवकर आणायला हवं होतं म्हणाले. मला सांगायला आल्या होत्या हो त्या बाई! मी त्यांना मशीन चालवून दाखवली!"

आता ठमीच्या दोन्ही कानांमागे ऐकायची यंत्रं आहेत. आई रोज तिच्या अगदी समोर, ओठ दिसतील अशी बसते आणि एकेक शब्द शंभरदा म्हणते. ठमी चार वर्षांची झाली. तिच्या वयाची मुलं घरी जाऊन वर्गातली भांडणं रंगवून सांगतात. ठमीला ते कधी जमेल, कुणी सांगत नाही.

मी दुरुस्त झाले, पण आई मला ठमीसमोर चालवत नसे. परवा मात्र शाळेचे गणवेश द्यायचे होते, तेव्हा तिनं पायडलवर पाय ठेवला. मी खडखडले. ठमी दचकली. तिनं दोन्ही हात कानांवर दाबले, धावत येऊन माझ्या फळीवर मूठ आपटली आणि जिवाच्या आकांतानं ओरडली, "बाश!"

बास! तिचा पहिला शब्द. तोही मला, आणि रागानं! आईनं पाय काढला आणि तिला घट्ट मिठीत घेतलं. गणवेश तसेच पडून राहिले.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं फार शहाणं, फार शांत भावंड असेल, तर त्याचं कौतुक जरूर करा. पण एकदा पाय न वाजवता त्याच्या मागे जा आणि हाक मारून बघा. नाही वळलं, तर त्याच दिवशी मोठ्यांना सांगा. ते हसले तर पुन्हा सांगा, आणि ठमीच्या आईसारखं मशीन चालवून दाखवून कुणी तुम्हाला गप्प केलं तरी सांगा.