आलेखातला खड्डा

गोगलगायीला उचलून लांब सोडलं तर ती आपल्या जागी परत येते का? एवढ्याशा प्रश्नापायी एक शहाणीसुरती मुलगी वर्षानुवर्षं डोकं घालून बसते, आणि वर खुशीत असते, आता बोला! "लोकांच्या पोरी संसाराला लागतात, आमची गोगलगायींच्या मागे लागलीय," असं तिची आत्या येईल त्याला सांगायची. पण परसातल्या ओल्या विटा उलटून गोगलगायी मोजायच्या झाल्या की पदर खोचून आत्याच पुढे.

प्रयोग साधाच होता. परसातल्या गोगलगायींच्या पाठीवर नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा, त्यांना भिंतीपलीकडे शेजारच्या काकांच्या बागेत सोडायचं आणि वाट बघायची. आठवडाभरात दहातल्या आठ तरी परत यायच्या. मुलीला कोण आनंद व्हायचा! विद्यापीठातल्या तिच्या टेबलासमोर वर्षभराचा आलेख टांगलेला होता, आणि चहा पिताना ती त्याच्याकडे कौतुकाने बघत बसायची.

दुखणं एकच होतं. मध्येच एका पंधरवड्यात आलेख धाडकन खाली आला होता. तेव्हा दहातल्या जेमतेम तीन परतल्या होत्या. तिच्या मार्गदर्शक बाई खमक्या. त्या म्हणाल्या, "हा खड्डा का पडला ते सांग, तर प्रबंधावर सही करते. नाहीतर आणखी एक वर्ष बस." आणि शिष्यवृत्ती तर महिनाअखेर संपत होती.

तिने ऊन तपासलं, पाऊस तपासला, पक्षीसुद्धा तपासले. काही म्हणजे काही हाती लागेना. शेवटी एका संध्याकाळी तिने भिंतीवरून काकांनाच विचारलं. काका एकटे राहायचे. कुणाच्या अध्यात ना मध्यात.

"काका, त्या पंधरवड्यात तुम्ही बागेत काही फवारलं होतंत का?"

"मी कुठे होतो इथे? लेकीकडे नव्हतो का गेलो, नातू झाला तेव्हा? वर्षभरात तेवढाच काय तो बाहेर पडलो." काका हळहळले. "तुझ्या बाळांचे हाल झाले असतील गं. पोचवायला कोणी नव्हतं."

"पोचवायला?"

"अगं, रंग लावलेल्या म्हणजे पाळलेल्याच असणार. माझा कोबी कुरतडतात, पण मारायला जीव होईना. तुम्ही दोघी कामाला गेलात की उचलायचो आणि तुमच्या बाजूला ठेवायचो. टाकायचो नाही हं, अगदी अलगद."

"गोगलगाय अन् पोटात पाय!" मागून आत्या कडाडली. "माझ्या पोरीच्या वर्षाची माती केलीत की हो!"

काकांचा चेहरा एवढासा झाला. मुलगी पायरीवर मटकन बसली. "म्हणजे वर्षभर मी तुमचाच अभ्यास केला, काका," ती म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं. एवढे कष्ट, आणि सगळे पाण्यात! आत्याने तिला जवळ घेतलं, तशी ती आणखी रडली.

रडता रडता ती एकदम थांबली. काका नव्हते तेव्हाही तीन आल्या होत्या. त्यांना कोणी उचललं होतं?

दुसऱ्या दिवशी तिने बाईंना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. बाई चष्मा काढून पोट धरून हसल्या.

"आलेख टाकून दे," त्या म्हणाल्या. "खड्डा तेवढा ठेव. तेवढाच खरा आहे."

"आणि सही?"

"सही कसली? तीन गोगलगायींवर प्रबंध होतो होय? काकांना हात आवरायला सांग आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात कर. शिष्यवृत्ती वाढवून घ्यायचं माझ्यावर सोड."

संध्याकाळी आत्या दारातच उभी होती. "झाली सही?"

"नाही. आणखी एक वर्ष."

"अगं बाई! मग हसतेस काय अशी?"

"आत्या, तिघी खरंच आल्या गं! त्यांना कोणी आणून सोडलं नव्हतं, आपल्या आपण आल्या!"