आधी जोक सांगा

"तुमच्या शहरात बघण्यासारखं आहे तरी काय?" असं माझ्या जावयाने उन्हाळ्यात फोनवर विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत उत्तरही स्वतःच दिलं, "दीड दिवसात उरकेल म्हणा सगळं." डेरेक सिअॅटलचा. समुद्रकाठच्या या लोकांना वाटतं, की मधला देश विमानातून खाली बघण्यापुरताच केलेला आहे. मी चिडले, पण आवाज चढवला नाही. आम्हा हाउकांच्या घरात राग आला की माणसं हळू आणि नीट बोलतात. "ऑक्टोबरच्या अखेरीला या," मी म्हटलं, "मग बघू दीड दिवसात काय काय उरकतं ते."

खरं तर प्रश्न शहराचा नव्हताच. माझी मुलगी कॉलीन गेलं वर्षभर माझ्या मागे लागली होती, की घर विकून टाक आणि आमच्याजवळ ये. आमच्याजवळ म्हणजे त्यांच्या घरात नव्हे, त्यांच्या घरापासून वीस मिनिटांवर, म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेल्या एका सुंदर इमारतीत, जिथे प्रत्येक खोलीत पलंगाच्या उशाशी एक लाल बटण असतं. मी एकटी राहते, गुडघा दुखतो, एकदा शेगडी चालू राहिली होती, एवढ्या भांडवलावर तिने माझा निकाल लावून टाकला होता. माझ्या लाल विटांच्या घराचा, माझ्या नवऱ्याने, गसने लावलेल्या मॅग्नोलियाच्या झाडाचा आणि साऱ्या सेंट लुइसचा सौदा त्या लाल बटणाशी. तेव्हा ही भेट म्हणजे माझी परीक्षा होती. ती मी अशी देणार होते, की कॉलीनने स्वतःहून म्हणावं, "आई, तू इथेच राहा."

एकत्तीस ऑक्टोबरला त्यांचं विमान उतरणार होतं. तारीख मीच काढली होती. त्या भुतांच्या रात्री मुलं सोंगं घेऊन सगळ्या देशभर दारोदार फिरतात आणि चॉकलेटं गोळा करतात, पण बाकी ठिकाणी नुसती पिशवी पुढे केली की भागतं. आमच्याकडे असं फुकट काही मिळत नाही. आमच्याकडे मुलाला आधी जोक सांगावा लागतो, मग तो कितीही रद्दी असला तरी चालेल, आणि घरमालकाला हसावं लागतं. माझी नात टेसा नऊ वर्षांची झाली होती आणि तिने आजवर एकही चॉकलेट कमावलेलं नव्हतं. मला ते मनातून लागायचं.

आमच्या घराचा एक ठरलेला जोक होता. तो गसचा. आम्ही एकाच गल्लीत वाढलो. सात वर्षांचा गस डोक्यावर चादर घेऊन आमच्या दाराशी आला आणि त्याने चौकट वाजवली. "ठकठक." मी आतून विचारलं, "कोण आहे?" तो म्हणाला, "मी." मी विचारलं, "मी कोण?" तर चादरीतून आवाज आला, "घ्या! स्वतः कोण तेही विसरलात?" मी इतकी हसले की हातातली चॉकलेटांची परडीच उपडी झाली. पुढे आयुष्यभर, खिशात किल्ली असली तरी, त्या संध्याकाळी तो बाहेर थांबून चौकट वाजवायचा. तो गेल्यापासून तो जोक मी कुणाला सांगितला नव्हता. टेसासाठी राखून ठेवला होता.

पाहुण्यांना नेण्याआधी आपण एकदा जाऊन बघून यावं, ही माझी पद्धत. म्हणून ऑक्टोबर लागताच मी पहिल्यांदा हिलवर गेले, आमच्या इटालियन वस्तीत, जिथे कॉलीनचा पहिला वाढदिवस झाला त्या खाणावळीत. व्हीटो तिथे जन्मभर वाढपी आहे आणि तरुणपणापासूनच म्हातारा दिसतो. मी म्हटलं, "व्हीटो, एक नोव्हेंबरला चौघांसाठी कोपऱ्यातलं टेबल हवं होतं."

"अहो मिसेस हाउक, कालच नाही का ठेवलं?" तो म्हणाला. "माझ्यावर एवढा अविश्वास? तळलेली रॅव्हिओली आधी आणायची, आणि छोटीच्या पानात मशरूम दिसता कामा नये. सगळं डोक्यात आहे."

काल मी घराबाहेर पडले नव्हते. दिवसभर पडदे धूत होते. सरळ तसं सांगायला हवं होतं, पण व्हीटोच्या तोंडावर "मी काल आलेच नव्हते" म्हणायचं म्हणजे काय? साऱ्या हिलवर बातमी, की हाउकबाईंचं आता खरं नाही. आणि अशा बातम्यांना सिअॅटल लांब नसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी पर्स काखेत घट्ट धरली आणि म्हटलं, "हो हो, मीच आले होते. खात्री केलेली बरी."

परत येताना मनाची समजूत घातली, की व्हीटोच्या डोळ्यांना सगळ्या म्हाताऱ्या सारख्याच दिसत असणार. मशरूमचं मात्र टोचत राहिलं. रविवारी कॉलीनचा फोन आला तेव्हा सहज विचारावं तसं विचारलं, की टेसाचं खाण्याचं काय. "जुलैपासून मशरूम बघितलं तरी तोंड फिरवते," कॉलीन म्हणाली. मला हे कुणीही सांगितलेलं नव्हतं.

मग मी कमानीवर गेले. नदीकाठची ती पोलादी कमान आमच्या शहराची शान आहे. मी तिच्याविषयी परक्यांशी भांडलेली आहे, तिच्या सावलीत माझं लग्न ठरलं, आणि तिच्यावर मी कधीही चढलेली नाही. वर जायला अंड्याच्या आकाराचे डबे आहेत, त्यात पाचजणांनी गुडघ्याला गुडघा लावून बसायचं. मला उंचीची भीती वाटते. ही गोष्ट फक्त गसला माहीत होती. टेसाला मात्र वर न्यायचंच असं मी ठरवलं होतं, आणि त्यासाठी एकदा एकटीने जाऊन भीती मोडायची होती.

तिकिटांच्या खिडकीतली जाडजूड, हसऱ्या चेहऱ्याची बाई मला बघताच खुलली. "आलात परत? बघा, मी म्हटलं नव्हतं, एकदा वर गेलं की चटक लागते? आणि काय हो, तो तुमचा ठकठकचा जोक मी घरी सांगितला. माझा नवरा महिन्यातून एकदा हसतो, तो हसला. डब्यातली ती घाबरलेली पोरगी तर तुमचा हात सोडायला तयार नव्हती म्हणे."

तो जोक गसचा होता. तरीही, आता कबूल करते, भीतीच्या आधी मला दुसरंच काहीतरी वाटलं. वर जाऊन आलेली, दुसऱ्याला धीर देणारी बाई व्हावं असं मला आयुष्यभर वाटत आलं होतं, आणि इथे एक अनोळखी बाई मला तीच समजून माझ्याकडे कौतुकाने बघत होती. "हो, मीच ती," मी म्हटलं, आणि तिकीट न काढताच मागे फिरले.

त्यानंतर मी जिथे जाईन तिथे कुणीतरी माझ्या आधी जाऊन आलेलं असे. वनस्पती उद्यानात गुडघ्यासाठी चाकाची खुर्ची सांगून ठेवलेली होती, जी मी मेले तरी मागितली नसती. कामं सगळी चोख होती, माझ्यापेक्षा चोख. दर वेळी मी मान हलवायची आणि म्हणायची, हो, मीच. ते म्हणणं दिवसेंदिवस सोपं होत गेलं.

एकदा शेजारची सेनादा कुंपणापाशी आली. ती बोस्नियाची, तिच्या लोकांनी आमची ओस पडत चाललेली गल्ली पुन्हा नांदती केली. मला ती मावशी म्हणते. हातात माझीच काचेची बशी होती, धुऊन पुसून.

"मार्लीनमावशी, रागावणार नसाल तर एक सांगू?" ती म्हणाली. "इतकी वर्षं तुमचा तो लोण्याचा केक खातेय, दर वेळी छान म्हणतेय, पण खरं सांगायचं तर कोरडा व्हायचा. परवा दिलात तो मात्र असा झाला होता की पोरांनी बशी चाटली. काय वेगळं केलंत?"

"लोणी," मी म्हटलं.

"ते तर कळलंच. किती?"

"पुरेसं," मी म्हटलं, आणि बशी घेऊन आत आले. त्या महिन्यात मी केक केलेला नव्हता. माझा केक कोरडा होतो हे ऐकून जितकं दुखलं, तितकं बाकी कशानेच दुखलं नाही.

आणि मग कॉलीनचा तो फोन. ती नुसतं नाक ओढत होती. "आई, परवा तू जे बोललीस ना," ती म्हणाली, "मी त्याची किती वर्षं वाट बघत होते, तुला कल्पना नाही. मला वाटायचं, आपली आई असं कधी बोलायचीच नाही."

मी काय बोलले, हे विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. नुसतं "कधी गं?" म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण आपल्या लेकीला रडवणारं वाक्य आपल्याला आठवत नाही असं कुठल्या तोंडाने सांगायचं? हात दाखवून अवलक्षण! मी म्हटलं, "बोलायला हवंच होतं गं कधीतरी."

"मी डेरेकशी बोलले. घर विकायचं नाही. तू तिथेच राहा. तू आता किती वेगळी वाटतेस, आई."

मी फोन ठेवला आणि माझ्या स्वयंपाकघरात सरळ उभी राहिले. जिंकले होते. मला फार अभिमान वाटला. कुणाचा, ते मी स्वतःला विचारलं नाही.

एकत्तीस तारखेला मी निळा कोट घातला, ओठांना रंग लावला आणि विमानतळावर गेले. विमान वेळेवर आलं. सरकत्या जिन्यावरून माणसं उतरली, एकमेकांच्या गळ्यात पडली, सामान घेऊन निघून गेली, आणि जिना रिकामाच फिरत राहिला. माझी माणसं त्यांत नव्हती. मी कॉलीनला फोन लावला. मागे भांड्यांचा आवाज होता आणि टेसा खिदळत होती.

"काय गं आई," कॉलीन हसत म्हणाली, "चार पावलांवर स्वयंपाकघर, तिथून फोन कसला करतेस? हाक मार की." आणि तिने फोन ठेवला.

गाडी कशी चालवली आठवत नाही. आमच्या गल्लीत शिरले तेव्हा उजेड मावळत आला होता. चेटकिणी, चाचे, पाठीला पुठ्ठ्याचे पंख लावलेली मुलं दारोदार जोक सांगत होती आणि पडवी-पडवीतून माणसं इमानदारीने हसत होती. माझं शहर त्या संध्याकाळी इतकं देखणं दिसत होतं, की डेरेकला कान धरून दाखवावं. सेनादा तिच्या पायरीवर परडी घेऊन बसली होती. मी हात केला. तिनेही केला, पण रस्त्याने जाणाऱ्या परक्या बाईला करावा तसा.

माझ्या घरात सगळे दिवे लागले होते. खिडकीतून टेबल दिसत होतं, त्यावर माझ्या लग्नातल्या ताटल्या. डेरेक केकचा दुसरा तुकडा घेत होता. कॉलीन खुर्चीत रेलून बसली होती, पाय वर घेऊन, लहानपणी बसायची तशी. माझ्यासमोर तिला असं बसलेलं मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. ती आतल्या दाराकडे बघून काहीतरी बोलत होती आणि उत्तर ऐकून हसत होती.

पायऱ्या चढून मी जाळीचं दार ओढलं. आतून कडी होती. किल्ली माझ्या मुठीत होती, पण कडीला किल्ली नसते. मी चौकट वाजवली.

"कोण आहे?" स्वयंपाकघरातून आवाज आला. आपला आवाज टेपवर ऐकला की परका वाटतो म्हणतात. हा मला जराही परका वाटला नाही.

"मी," मी म्हटलं.

"मी कोण?"

मला ओरडता आलं असतं. कॉलीनला नावाने हाक मारता आली असती. ती उठून दाराशी आली असती, तिने माझ्याकडे पाहिलं असतं, मग मागे वळून स्वयंपाकघराकडे. आणि मग तिला आमच्यातली एक निवडावी लागली असती. मी पुन्हा खिडकीकडे पाहिलं. कॉलीन अजून हसत होती.

जोकची पुढची ओळ टेसानेच म्हणून टाकली. डोक्यावर चादर घेतलेली ती आतून धावत आली आणि जाळीपलीकडून ओरडली, "घ्या! स्वतः कोण तेही विसरलात?" आणि मग मागे वळून, "आजी, या बाईंना आपलाच जोक येतो."

"मग दे त्यांना दोन," आतून माझा आवाज म्हणाला. "आणि दार लावून घे सोन्या, गार वारा येतोय."

टेसाने कडी काढली. तिचे डोळे गसचे आहेत, हे मला आजवर फोटोत कधी कळलं नव्हतं. "तुम्ही आजीच्या मैत्रीण का?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं.

तिने माझ्या हातातल्या किल्लीवर दोन चॉकलेटं ठेवली. मी मूठ झाकली, तिचे आभार मानले, आणि कठड्याला न धरता, ताठ मानेने, पायऱ्या उतरले.