कोरडे वाफे

अवंतिका विद्यापीठात झाडांचा अभ्यास करते. उन्हाळ्यात तिने कसबा बावड्याच्या आमच्या रानातले भुईमुगाचे काही वाफे मागून घेतले. अर्ध्या वाफ्यांना पाणी द्यायचं, अर्ध्यांचं तोडायचं. तहान लागली की झाड पानांत प्रोलीन नावाचं अमिनो आम्ल साठवतं आणि त्याच्या जोरावर तग धरतं. ते किती साठतं, हे तिला मोजायचं होतं.

"पाणी मिळालं की झाड ते लगेच मोडून टाकतं, आजी," तिने बजावलं होतं. "मग माझी मेहनत गेली. पुढच्या उन्हाळ्यात परत पहिल्यापासून."

मालक गेल्यापासून रानातल्या घरात मी एकटीच असते. मुलगा बंगळूरला. अवंतिका पानं बघायला यायची, मग बांधावर बसून ताक प्यायची, आईशी झालेली भांडणं सांगायची, माझ्या कोंबड्यांशी इंग्रजीत बोलायची. ती गेली तरी ते बोलणं मला दोन-तीन दिवस पुरायचं.

वाफे सुकत गेले. आधी पानं फक्त दुपारी मिटायची, मग सकाळीही उघडेनाशी झाली. तिला फोन करून सांगितलं.

"उद्या सकाळी येऊन पानं तोडते. झालं मग!" ती म्हणाली.

झालं मग. मी फोन ठेवला आणि तिच्या ताकासाठी विरजण लावलं.

दुपारी शेजारचा पिराजी त्याच्या उसाला पाणी देत होता. आमच्याकडे शेजाऱ्याचं पीक सुकलेलं दिसलं की माणूस विचारत बसत नाही. आपल्या पाळीतलं पाणी तिकडे वळवतो आणि मग सांगतो. मी बाहेर आले तेव्हा त्याने पाट फोडला होता आणि पाणी कोरड्या वाफ्यांकडे निघालं होतं.

मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं. पिराजीने सोडलं, मला कळलंच नाही, एवढं म्हणायचं. पोरगी चिडली असती, रडलीही असती. पण पुढच्या उन्हाळ्यात आली असती.

पाणी पालापाचोळा ढकलत पहिल्या वाफ्याजवळ आलं. मी खोरं उचललं आणि माती ओढून वाफ्याचं तोंड बुजवलं.

"वैनी, डोकं फिरलं काय?" पिराजी पलीकडून ओरडला. "फुकटचं पाणी अडवतीस?"

"उद्या पानं तोडायची हायत. वाळल्यालीच पायजेत तिला."

"वाळल्यालं बघाय येत्यात व्हय शिकल्याली माणसं? मग मला न्या की! माझी बायको रोज म्हणती, वाळून काडी झालाय."

"तुला कोण बघंल? बंद कर पाणी."

हसत हसत त्याने पाट बांधला.

सकाळी अवंतिका बर्फाचा डबा घेऊन आली. भराभर पानं तोडून डब्यात भरली. बर्फ वितळतोय म्हणून ताकाला थांबली नाही. "आता द्या पाणी," असं गाडीवरूनच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. मागे मैत्रिणींचा गलका ऐकू येत होता.

"आजी, लाल आला रंग! प्रोलीन भरपूर असलं की औषध घातल्यावर लाल येतो. कोरड्या वाफ्यांचा एकदम गडद!"

"लाल म्हंजे कसा गं? कुंकवासारखा?"

"फोटोच पाठवते थांबा. आणि आता उन्हातान्हात यायचं नाही, नुसतं लिहायचं राहिलं. तुमच्यामुळं झालं हं सगळं!"

"जेवत जा येळंवर," मी म्हणाले. तेवढ्यात तिला कुणीतरी हाक मारली.

माझा फोन बटणांचा आहे, त्यावर फोटो येत नाही. हे तिला माहीत होतं, आनंदात विसरली असेल. पिराजीचा नंबर द्यायला हवा होता, त्याच्या फोनवर दिसला असता, हे मला नंतर सुचलं. पण त्यासाठी तिला परत फोन करावा लागला असता, आणि ती सगळ्यांमध्ये होती.

अंधार पडायच्या आत मी कोंबड्या टोपलीखाली डालल्या.