बाकड्यावरचा नातेवाईक

लातूरच्या एका मेडिकल कॉलेजात दर गुरुवारी गुरुपादप्पांची बायको वारायची. कधी हार्ट अटॅकनं, कधी अपघातात. डॉक्टर होऊ घातलेल्या पोरापोरींनी वाईट बातमी कशी सांगावी, याची ती तालीम असायची आणि नातेवाइकाचं काम अप्पांकडं. उदगीरचं भांड्यांचं दुकान विकून ते लातुरात दोन खोल्यांत येऊन राहिले होते. तरुणपणी हौशी नाटकं केलेली, नांदेडला स्पर्धेत अभिनयाचं प्रमाणपत्र मिळालेलं. तेवढ्या ओळखीवर, ही तालीम घेणाऱ्या मंजुश्री मॅडमनी त्यांना बोलावलं होतं.

खरी बायको, उमाबाई, तीन वर्षांपूर्वीच गेली होती, दुसऱ्या गावच्या दवाखान्यात. चालता चालता कुणीतरी म्हणालं होतं, "पेशंट एक्स्पायर झालाय, इथं सही करा." अप्पांनी सही केली. काही विचारायचं असतं, हेही तेव्हा सुचलं नाही. मॅडमना त्यांनी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर गुरुवार गेला असता, आणि बाकीचे सहा दिवस कसे जातात ते त्यांचं त्यांना ठाऊक होतं. वीरेश, त्यांचा मुलगा, पुण्याहून रविवारी फोन करायचा. "जेवलात का?" "जेवलो." तेवढ्यावर फोन संपायचा.

त्या दिवशी पहिल्या पोरानं दारातूनच उरकलं. "सॉरी काका, त्या राहिल्या नाहीत." अप्पा ठरल्याप्रमाणे ओरडले, कपाळ बडवून घेतलं. नंतर त्याला म्हणाले, "बाळा, तू सगळा वेळ माझ्या चपलांकडं बघत होतास."

मग सत्यशीला आली. जळकोटची, बारीक चणीची पोरगी. तिनं स्टूल ओढलं, अप्पांच्या समोर बसली आणि घाबरून घरच्याच बोलीत म्हणाली, "अप्पा, तुमच्यासंग कुणी हाय का?"

"न्हाई. एकटाच हाय."

"मग मी बसते. लई वाईट सांगायचंय. काकू गेल्या, आत्ता, धा मिनिटांमागं."

आता अप्पांनी चिडायचं होतं. 'तुम्हीच मारलं तिला!' हे वाक्य कागदावर होतं, पाठ होतं. ते तोंडातून निघेना. त्याऐवजी त्यांनी विचारलं, "काही बोलली का ती?"

सत्यशीलानं मॅडमकडं पाहिलं. मॅडम हलल्या नाहीत.

"न्हाई बोलल्या. शुद्ध नव्हती त्यांना. पण मी तिथंच होते अप्पा. हात धरून होते."

कसली काकू आणि कसला हात! दोघांनाही ठाऊक होतं. तरी अप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं नाटकातलं रडणं त्यांना येत होतं. हे रडणं तसलं नव्हतं, त्याला आवाजच नव्हता. प्रत्येकाला दिलेली सहा मिनिटं संपल्याची घंटी वाजली. पोरगी उठली नाही.

"काय वाटलं, अप्पा?" मॅडमनी नेहमीसारखं सगळ्या पोरांदेखत विचारलं.

"हिनं घाई न्हाई केली," एवढंच ते बोलू शकले.

ते तोंड धुवायला गेले तेव्हा मॅडम मागोमाग आल्या. "अप्पा, तुमच्या घरी...?"

"तीन वर्सं झाली."

मॅडमनी वाहता नळ बंद केला. "मी आधी विचारायला हवं होतं. हे आता थांबवू आपण."

"थांबवू नका मॅडम." अप्पांनी रुमालानं तोंड पुसलं. "पोरं येईस्तोवर मी बाकड्यावर बसलेला असतो ना, तेवढा वेळ ती आत असती. जित्ती. डॉक्टर तिला बघत असतात. खोलीवर तेवढंबी नसतंय हो."

मॅडमनी मान खाली घातली. "आजच्या दिवस करा," त्या म्हणाल्या. "मग आपण बसून बोलू. खऱ्या वहिनींबद्दल सांगा मला."

अप्पांनी मान डोलावली. अजून नऊ पोरं बाकी होती. ते जाऊन बाकड्यावर बसले, टोपी नीट केली, हात गुडघ्यांवर ठेवले. पलीकडं कुणीतरी दार ढकललं.

"पेशंटचे नातेवाईक कोण आहेत?"

"मी," अप्पा म्हणाले आणि लगबगीनं उठले.