वरवटच्या काट्याले ठिगळ

"काटा मारते हा म्हातारा!" असं कापूस विकाले आलेल्या गोजरबाईनं काल भर जिनिंगात माह्या अब्बांले म्हटलं. हे मले नांदुऱ्यात फोनवर समजलं तवा डोक्यात तिडीक गेली. वरवट बकालच्या भगवानरावाच्या कापसाच्या जिनिंगात रहेमतुल्ला मापारी म्हणून अब्बांचा जलम गेला. मापाच्या जुन्या रितीत 'एक' नाही म्हणत, 'बरकत' म्हणतात. अब्बा तं आता गाड्या तोलाच्या कॉम्प्युटरी काट्यावरही आकड्याआधी 'बरकत' म्हणतात, अन् असं ठणकावून की रस्त्यावरच्या माणसाले ऐकू जावं. कालपासून ते म्हणणं बंद होतं.

खोट अब्बांची नव्हती, काट्याच्या कॉम्प्युटरातल्या प्रोग्रामची होती. मोठ्या गाडीमागं लगेच छोटी गाडी काट्यावर चढली, की मोठीचं रिकामं वजन छोटीतून वजा व्हायचं अन् कापूस कमी भरायचा. प्रोग्राम आमच्याच कंपनीचा. मलकापूरच्या जिनिंगांत नवा प्रोग्राम चालते, त्यातली ही खोड मी मागंच काढली होती. पण भगवानरावाचा कॉम्प्युटर जुना, नवा प्रोग्राम त्याले पेलत नाही. आता नव्यातली दुरुस्ती उचलून जुन्यात लावाची होती.

सोपं वाटते ना? करून पाहा मंग! गिट नावाचं एक साधन असते. प्रोग्रामात कोणी, कवा, काय बदललं ते सारं सांभाळते. नवा प्रोग्राम एका फांदीवर, जुना दुसऱ्या. मी नवीवरची दुरुस्ती उचलून जुनीवर ठेवली, तं गिट बोंबललं: जुळत नाही, तूच ठरव. ज्या ओळींले ठिगळ लावाचं, त्या ओळीच जुन्यात नाहीत! एकेक ओळ हातानं बसवली, घरी तपासली, वजन बराबर आलं. नेटवरून वरवटच्या कॉम्प्युटरवर धाडली अन् फोन लावला.

"अब्बा, आता पाहा."

"पाह्यलं बेटा. छोट्या गाडीचा कापूस पुन्हा कमीच."

काऊन? इथूनच तिथला कॉम्प्युटर उघडून पाह्यला. दुरुस्ती तं हाय! उलटवली, पुन्हा लावली. तसंच. चुकीच्या फांदीवर तं नाही चढली मी? नाही. गिट म्हणे झालं, काटा म्हणे नाही झालं. मले काही सुधरेना. पुन्हा फोन केला, तं अब्बांचा आवाज बारीक झालेला.

"शबाना, माह्याच डोळ्यांत फरक नाही ना पडला? बटन तं मीच दाबतो. बाई खरं बोलत असन."

मले रडूच आलं. गेलं ते गिट खड्ड्यात! एसटी धरली अन् वरवट गाठलं.

जिनिंगच्या हापिसात शिरली, तं समोर तो कॉम्प्युटर. वर झेंडूचा हार, पडद्यावर हळदीकुंकवाची बोटं, पुढं उदबत्ती. बाजूले पाने, हातोडे, विळे मांडलेले. या अल्ला, आज खंडेनवमी! आज हत्यारांची पूजा, त्यांच्याकडून काम घ्याचं नाही. हाराच्या मागं माही दुरुस्ती मजेत चालून राह्यली होती, पण काट्याची वायरच त्याले नव्हती.

"भगवानराव, काटा कशावर चालून राह्यला?"

"गोदामातला जुना डबा कॉम्प्युटर काढला ना पोरी. गाड्या आल्या, त्यायले वापस कसं धाडावं? पण हत्याराले आज राबवत नसतात."

"मंग हा चालू काऊन ठेवला?"

"देवापुढचा दिवा कोणी इझवते का?"

मी कपाळावर हात मारला. सकाळपासून पूजेतल्याले औषध पाजून राह्यली होती, अन् दुखणं गोदामातल्याले! डबा बदलला की प्रोग्रामही बदलते, हे अब्बांले काय माहीत!

त्या डब्यात तं त्याहून जुना प्रोग्राम निघाला. गिट पुन्हा बोंबललं, मीही बोंबलली. पण आता कोणती ओळ कुठं बसते ते हाताले माहीत झालं होतं. बसली दुरुस्ती. भगवानरावानं कालच्या अन् आजच्या गाड्यांचा हिशेबही नव्यानं करतो म्हणून कबूल केलं.

गोजरबाई आजही कापूस घेऊन आली होती, तिची छोटी गाडी ट्रॅक्टरमागं उभी होती. विश्वास नाही म्हणून ती संग्रामपूरहून वजन करून आली होती. रिकामा ट्रॅक्टर काट्यावरून उतरला, मागोमाग तिची गाडी चढली, रिकामी झाली, पुन्हा चढली. आकडा तिच्या चिठ्ठीशी बराबर जुळला. अब्बा पडद्याकडं पाहत उभेच.

"काऊन भाऊ, तोंडात गुळणी धरली का?" गोजरबाई म्हणाली. "म्हण की."

अब्बा खाकरले. "बरकत," म्हणाले. आवाज दारापर्यंतही गेला नाही.

"ऐकू नाही आलं," गोजरबाई म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "काल मी चार माणसांत बोलली होती. तूही चार माणसांत म्हण."

अब्बांनी छाती भरून श्वास घेतला अन् म्हणाले. रस्त्यावरून चाललेल्या माणसानं वळून पाह्यलं.