उलट्या आट्यांचा पेच

मी एक जुना पितळी अडकित्ता आहे. मित्रांनो, अडकित्ता म्हटलं की तुम्हांला सुपारी आठवेल. मला मात्र एका कुत्र्याचा पाय आठवतो, आणि माझी मान खाली जाते. अडकित्त्याला कसली मान, असं म्हणू नका. कारागिराने माझ्या टोकावर एक मोर बसवला आहे. त्याला चांगली लांब मान आहे.

माझा जन्म मलकापुरात झाला. तांबटाने माझे दांडे ओतले, लोहाराने पोलादी पातं बसवलं. तेव्हा आमच्या वऱ्हाडाचा कारभार मध्यप्रांताच्या जोडीने नागपूरहून चालायचा आणि कपाशीच्या गाड्या मलकापूरच्या सरकी काढणाऱ्या जिनांपुढे रांगा लावायच्या. अशाच एका गाडीबरोबर आलेल्या, वडनेरच्या उत्तमराव पाटलांनी मला स्वतःच्या लग्नासाठी विकत घेतलं. पुढे कितीतरी वर्षं मी त्यांच्या ओसरीवर मिरवलो. सोयरीक जुळायची असो की बांधाचं भांडण मिटायचं असो, आधी माझा आवाज व्हायचा, मग माणसांचा. "सुपारी कातरावी तर पाटलाच्या अडकित्त्यानं," असं पाहुणे म्हणायचे आणि मोराची मान आणखी ताठ व्हायची.

मग उत्तमरावांचे दात हलू लागले. एकेक करून पडलेही. पान खलबत्त्यात कुटलं जाऊ लागलं आणि मी पानाच्या डब्याच्या तळाशी गेलो. दात त्यांचे गेले, नोकरी माझी गेली!

त्या घरात भुऱ्या नावाचा कुत्रा होता. उत्तमरावांच्या पत्नी मनकर्णाबाई यांनी त्याला डोळे उघडायच्या आधीपासून दुधाच्या बोळ्यावर वाढवलं होतं. कुत्र्याच्या पुढच्या पायांना वरच्या अंगाला एकेक नख असतं. ते जमिनीला टेकत नाही, म्हणून झिजत नाही. भुऱ्याची ही दोन्ही नखं वाढून कोयत्यासारखी वळली होती आणि त्यांची टोकं मांसाला टोचू लागली होती. तो लंगडायचा. मनकर्णाबाईंचा जीव तुटायचा. न्हाव्याची नऱ्हाणी त्या जाड नखापुढे चालली नाही. विळ्याने कापायची कुणाची छाती होईना.

गावचाच तुळशीराम मलकापूरच्या एका जिनात फिटर होता. मनकर्णाबाईंनी त्याला गाठलं. तो म्हणाला, "काकू, नख सुपारीवानीच टनक असते. घरात अडकित्ता असन तर आना."

असा मी पुन्हा उजेडात आलो. तुळशीरामने माझ्या पात्याला अर्धगोल खाच पाडली. खाचेमागे एक छोटी पट्टी बसवली आणि ती मागे-पुढे सरकवायला एक पेच लावला. भुऱ्याची नखं काळी होती, त्यामुळे आतलं जिवंत मांस कुठवर आहे ते दिसायचं नाही. म्हणून ही युक्ती. पट्टी पात्याजवळ आणली की नखाचं नुसतं टोक आत जाणार, दूर नेली की जास्त नख जाणार. हत्यार देऊन तो घाईने कामावर निघून गेला.

मला तेव्हा फार लाज वाटली. पाहुण्यांच्या तळहातावर बसणारा मी, आणि आता कुत्र्याच्या पायाशी! ती लाज खोटी होती, मित्रांनो. खरी लाज पुढे होती.

उत्तमरावांना नवी वस्तू चारचौघांत दाखवायची भारी हौस. त्यांनी शेजारच्या वामनरावांना आणि आणखी दोघा-तिघांना ओसरीवर बोलावलं. मनकर्णाबाईंनी भुऱ्याला मांडीशी घेऊन त्याचा पाय धरला. तो विश्वासाने त्यांच्याकडे पाहत होता. "पाहा, कसं बेतानं कापतो," असं म्हणत उत्तमरावांनी पेच उजवीकडे फिरवून चांगला आवळला आणि माझे दांडे दाबले.

नख गेलं आणि त्याबरोबर मांसही गेलं. माझ्या पात्याला ते त्याच क्षणी कळलं. भुऱ्या किंचाळला. मनकर्णाबाईंच्या लुगड्यावर रक्त सांडलं. पाहुण्यांपैकी कुणीतरी फिस्सकन हसलं. त्या हसण्याने उत्तमरावांचा तोल गेला आणि त्यांनी भुऱ्याच्या तोंडावर फाडकन मारली. "हालला काऊन बे!"

मग पाहुण्यांकडे वळून ते म्हणाले, "हत्यार बराबर हाये. कुत्रंच हाललं."

भुऱ्या हलला नव्हता. हे मला ठाऊक होतं, मनकर्णाबाईंना ठाऊक होतं आणि उत्तमरावांनाही ठाऊक होतं. त्याचं रक्त माझ्या मोरावर वाळत होतं, आणि मला वेडावाकडा एक शब्दसुद्धा बोलता येत नव्हता.

भुऱ्या अंगणात सोडलेल्या बैलांच्या दमणीखाली जाऊन बसला. हळद लावल्यावर तो पाय भरून येऊ लागला, पण दुसऱ्या पायाचं नख तसंच होतं आणि ते आता मांसात शिरत चाललं होतं. उन्हाळ्याचे दिवस. जखमेत किडे पडले असते तर कुत्रा हातचा गेला असता. पण तो कुणाला त्या पायाला हात लावू देईना. मला पाहिलं की दात काढायचा.

मनकर्णाबाई चारचौघांत काही बोलल्या नाहीत. जेवायला वाढताना मात्र म्हणाल्या, "त्याचा पाय माह्या हातात होता. तो हालला नाई."

उत्तमरावांनी घास खाली ठेवला. न जेवताच ते उठले आणि त्यांनी तुळशीरामला निरोप धाडला.

तुळशीराम आला तेव्हा वामनराव आणि ती मंडळी पुन्हा ओसरीवर जमली होती. मला हातात घेताच त्याचा चेहरा उतरला. "पाटील, पेच कोनीकडं फिरोला होता?"

"उजवीकडं. सारे फिरवतात तसाच."

"याचे आटे उलटे हायेत. जिनातला जुना पेच बसोला म्या. हा उजवीकडं फिरोला का पट्टी दूर जाते. तुमाले सांगाचं माह्या ध्यानातच राह्यलं नाई." तो खालमानेने उभा राहिला. "चूक माही हाये."

"घ्या!" वामनराव म्हणाले, "म्हंजे फिटरचीच चूक निंगाली. पाटील सुटले."

किती सोपं होतं! उत्तमरावांनी नुसती मान हलवली असती तरी सारं तुळशीरामच्या अंगावर गेलं असतं.  पण ते उभे राहिले.

"पेचाची चूक त्याची," ते म्हणाले. "पन कुत्रं हाललं नोतं. म्या खोटं सांगतलं. अन् वरून मारलंबी त्याले." त्यांनी मान खाली घातली. "मले लाज वाटून राह्यली, वामनराव."

कुणीच हसलं नाही. मोराची मान त्या दिवशी त्यांच्याबरोबरच खाली गेली.

तुळशीरामने सरळ आट्यांचा पेच लावला. पट्टी ठरावीक मापापलीकडे सरकूच नये म्हणून मागे एक खिटी ठोकली. आता कुणी पेच कसाही फिरवला तरी टोकापेक्षा जास्त नख आत जाणं शक्य नव्हतं. उत्तमरावांनी आधी स्वतःच्या अंगठ्याचं नख माझ्यात घालून पाहिलं. मग मला मनकर्णाबाईंच्या हाती दिलं आणि स्वतः दूर जाऊन बसले. भुऱ्याला राजी करायला मनकर्णाबाईंना पुष्कळ दिवस लागले. रोज त्या मला त्याच्यासमोर नुसतं ठेवायच्या आणि भाकरी भरवायच्या. शेवटी एकदा त्याने पाय दिला. मी जरा जरा करून ते नख कापलं. रक्ताचा थेंबही आला नाही.

मित्रांनो, मुक्या जनावराचा पाय हातात घेण्याआधी आपलं हत्यार नीट तपासा. कुणाला वस्तू द्याल तेव्हा ती कशी वापरायची तेही सांगा. आणि चूक झालीच, तर ती दुखावलेल्या जीवाच्या माथी मारू नका. भुऱ्याचा पाय बरा झाला, तो पुन्हा शिवारभर धावू लागला. पण उत्तमरावांनी हात वर केला की तो अंग चोरायचा. म्हणून पुढे ते पागोटं सारखं करायलासुद्धा, भुऱ्या जवळ असला तर, हात अगदी हळू उचलायचे.