नववी रांग

त्या पाच जणांच्या बँडची गाणी एके काळी न्हाव्याच्या दुकानापासून दातांच्या दवाखान्यापर्यंत सगळीकडे वाजायची. मग बँड फुटला. वर्तमानपत्रांनी लिहिलं, 'कलात्मक मतभेद'. कसले मतभेद नि कसलं काय! तालमीच्या खोलीत टेबलफॅन एकच, आणि मुख्य गायक तो आपल्या केसांच्या तुऱ्यावर रोखून बसायचा. बाकीचे चौघे घामाने निथळायचे. त्याला सगळे तुराच म्हणत.

तुऱ्याच्या ओळीमागून 'लाला ला' म्हणणारी ती लालालाबाई. अकरा वर्षं तिने स्टेजवर दुसरा शब्द उच्चारला नव्हता. "आता मी एकटी गाणार," असं म्हणून तिने टायपिंग शिकवायची नोकरीही सोडली. "सोमवारपर्यंत जागा ठेवतो हं," असं क्लासचा मालक म्हणाला, ते तिला फार झोंबलं.

रविवारी तिच्या पहिल्या कार्यक्रमाला, बँडचीच जुनी गाणी ऐकायला, हॉल गच्च भरला. वादकांनी सुरुवात केली, लालालाबाई माइकपुढे आली, आणि तोंडच उघडेना! शब्द पाठ होते, सूर पक्का होता. पण आधी कुणीतरी ओळ म्हणायची आणि मग आपण, ही हाडीमाशी खिळलेली सवय. घरी तालमीच्या वेळी तिची थोरली बहीण, ताई, इस्त्री करता करता पहिली ओळ गुणगुणायची, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

वादकांनी तोच तुकडा चौथ्यांदा वाजवला.

"अगं, गा की! दातखीळ बसली का?" ताई पडद्याआडून कुजबुजली.

"ताई, पहिली ओळ तू म्हण ना."

"मी? इतक्या लोकांत? त्यांनी काय पाप केलंय?"

लालालाबाईला डोळ्यांपुढे सोमवार आणि टाइपरायटर दिसायला लागले. तेवढ्यात नवव्या रांगेतून खणखणीत आवाजात पहिली ओळ आली. हिचं तोंड आपोआप उघडलं आणि गाणं असं सुटलं, की थेट टाळ्यांवर जाऊन थांबलं. पुढच्या प्रत्येक गाण्याला तेच. काहीतरी नवीन पद्धत असावी, म्हणून लोक खूश.

मध्यंतरात ती नवव्या रांगेत पोचली. टोपी आणि काळ्या चष्म्यामागे तुरा!

"तू इथे कशाला कडमडलास?"

"तुझी फजिती बघायला."

"मग गायलास कशाला?"

"तोंड ऐकेना." तो ओशाळला. "परवा माझ्या कार्यक्रमात मी प्रत्येक ओळीनंतर थांबून मागे बघत होतो. लोकांना वाटलं, स्टेजवर उंदीर आहे."

"मग परत एकत्र या की दोघं," मागोमाग आलेली ताई म्हणाली.

"छे!" दोघंही एकदम ओरडली.

सोमवारी लालालाबाईने क्लासच्या मालकाला फोन करून जागा दुसऱ्या कुणाला द्यायला सांगितलं. पुढची वीस वर्षं दोघांच्या जाहिरातींवर ठळक अक्षरांत 'फक्त एकल' असं छापलं जायचं. त्याच्या कार्यक्रमाला नवव्या रांगेत ती, तिच्या कार्यक्रमाला तो, दोघंही आपापलं तिकीट काढून.

फक्त तिच्या स्टेजवर एक मोठा टेबलफॅन असायचा. त्याचं तोंड तिने नवव्या रांगेकडे एकदाही वळू दिलं नाही.